टोचलेला दंड वाळेपर्यंत

माझी पत्नी गेली त्याला दहा महिने झाले. तिच्याविषयी काही लिहून ठेवावं म्हणून वही आणली. पण तिच्या शेवटच्या आजारपणाविषयी लिहायला बसलो की चार ओळींनंतर हात थांबतो. म्हणून आमच्या तरुणपणातल्या एकाच उन्हाळ्याविषयी लिहितो. त्या उन्हाळ्यात तिच्या हातून एक मोठी चूक झाली. ती चूक तिने ज्या रीतीने अंगावर घेतली, ती मला अजून पुरती समजलेली नाही.

मी देवी टोचण्याच्या नोकरीत होतो. आता देवीचा रोग राहिलेला नाही, तेव्हा थोडं सांगायला हवं. ताप चढे, अंगभर फोड येत. पुष्कळ पोरं जात, काही आंधळी होत, आणि जगली त्यांच्या चेहऱ्यावर वण राहत. लस दंडावर टोचली की तिथे एकच फोड उठे, त्याची खपली धरे, आणि मग तो रोग माणसाला सहसा शिवत नसे. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हा. आमचं बिऱ्हाड एदलाबादला होतं. मुक्ताईनगर हे नाव त्या गावाला पुष्कळ नंतर मिळालं. तापीकाठची गावं मी सायकलीने करी. लशीच्या बारीक काचेच्या नळ्या उन्हाने वाया जात, म्हणून त्या केळीच्या ताज्या सोपटात, म्हणजे खोडाच्या गार सालीत, गुंडाळून वरून ओलं फडकं बांधायचं. ही युक्ती मला एका बागवाल्याने शिकवली होती.

गावाच्या वेशीवर सायकल दिसली की ओरड होई, "टोच्या आला रे, टोच्या!" बाया पोरांना उचलून केळीच्या बागांत शिरत. उभ्या केळीत चार पावलांवरचं माणूस दिसत नाही. मी बांधावर उभा राहून हाका मारी. आतून एखादं तान्हं रडे आणि लगेच कुणीतरी त्याचं तोंड दाबी.

मी त्यांना अडाणी म्हणत असे. पण त्यांच्या लेखी तो रोग नव्हताच. घरात आई आली, असं ते म्हणत. दाराला निंबाचा डहाळा लागे, फोडणी बंद होई, घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. आजारी पोराशीसुद्धा "आई, पाणी घे," असं हात जोडून बोलायचं. अशा पाहुणीच्या तोंडावर दार लावायला निघालेला माणूस मी. एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं, "काय मास्तर, तुमच्या नळीत मावते काय आई?" सगळे हसले होते. मीही हसलो होतो, पण राग आला होता.

त्या वर्षी चैत्रात नदीकडच्या एका गावात देवीची साथ आल्याचं कळलं. मी तीनदा गेलो आणि तीनदा बांधावर ओरडून परत आलो. तिसऱ्या दिवशी घरी येऊन पिशवी आपटली, तशी पत्नी म्हणाली, "मी येस तुमनासंगे."

ती धुळ्याकडची, शिरपूरच्या बाजूची. घरात ती आपल्याच बोलीत बोले. पाचव्या वर्षी तिला देवी येऊन गेल्या होत्या आणि सगळा चेहरा वणांनी भरलेला होता. त्याच साथीत तिच्या दोन पाठच्या बहिणी गेल्या. आईने मला ठेवलं, असं ती म्हणे. मी लस टोचतो याचं तिला कधी वावगं वाटलं नाही. एकदा मी मुद्दाम विचारलं होतं, की सगळं जर तुझ्या आईच्या हातात आहे, तर मग माझी सुई कशाला? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बठ्ठं तिना हातमा शे. पन आपलेबी हात तिनीच दियेल शेतस ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पायी गेलो. वेशीवर तिने चपला काढून हातात घेतल्या. ज्या घराच्या दाराला निंब होता तिथे ती अनवाणी गेली, उंबऱ्याबाहेर पाण्याची धार सोडली आणि आतल्या पोराला लांबूनच हात जोडले. बाया बघत होत्या. तिचा चेहरा बघून एकीने विचारलं, "तुमाले येऊन गेली का आई?"

"पाचव्या वर्सी," ती म्हणाली.

मग बाया जवळ आल्या. तिच्या बोलीवरून थट्टा सुरू झाली. "शे शे काय करता बाई, गुरं हाकता का?" ती हसली. मला पारावर बसवून ती बायकांच्या घोळक्यात बराच वेळ बोलत होती. मला तुकडेच ऐकू येत होते. आई येणारच असेल तर तिला मोठी होऊन येऊ देऊ नका. तिला लहान करून दंडावर बोलवा. चार दिवस राहील, मानाने जाईल. तुम्ही फक्त तिचा मान ठेवा.

मला ते बोलणं आवडलं नव्हतं. पण वीस-बावीस पोरं पारावर आली. सगळ्यांत पुढे एक अगदी तरुण बाई होती, कडेवर पाचेक महिन्यांची मुलगी. तिच्या शेजारच्याच दाराला निंब होता. "बाई म्हणते त आधी माझ्या पोरीले टोचा," ती म्हणाली. मी टोचलं. संध्याकाळी परतताना मी इतका खूश होतो की पत्नीला म्हणालो, "तुला नोकरीत घ्यायला हवं."

आठव्या दिवशी दंड तपासायला जायचं असतं. लस लागली असेल तर त्या दिवशी फोड टचटचीत उठलेला दिसतो. पहिल्या पोराची बाही वर केली. दंड स्वच्छ होता. दुसऱ्याचाही. तिसऱ्याचा, चौथ्याचा. सगळ्या पोरांत दोघांचेच फोड उठले होते. नळ्या उन्हाने गेल्या, असं मला वाटलं. मी जवळच्या बाईला विचारलं, "टोचल्यावर काही लावलं का याला?"

"काही लावलं नही," ती आनंदाने म्हणाली. "बाईनं सांगितलं तसा मान ठेवला. घरी नेल्या नेल्या आईले न्हाऊ घातलं निंबाच्या पाण्यानं. वर दही ठेवलं थंड."

लस अंगात शिरायला दंड उघडा ठेवून वाळू द्यावा लागतो. पाणी लागलं की ती धुऊन जाते. मी हे दरवेळी सांगत असे, पण त्या दिवशी सांगणं पत्नीवर सोडून मी पोरं टोचायच्या घाईत होतो. आणि तिने जे सांगितलं त्यातून त्या बायकांनी त्यांच्या समजुतीप्रमाणे अगदी योग्य तेच केलं होतं. घरी आई आल्यावर दुसरं काय करतात?

मी पत्नीकडे पाहिलं. ती त्या बाईच्या पोराचा दंड हातात धरून नुसती उभी होती.

आणि ती तरुण बाई आलेलीच नव्हती. तिच्याही दाराला आता निंब होता.

मुलगी तीन दिवसांनी गेली. निरोप एका गाडीवानाने आणला आणि त्यानेच सांगितलं, "गावात जाऊ नका मास्तर. टोच्यानं अन् त्या वणवाल्या बाईनं आई अंगात घातली असं बोलू राह्यले लोक. पाटलांनी सांगेल आहे, पाय ठेवला त पाय मोडू."

त्या संध्याकाळी मी पत्नीला जे बोललो ते लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "त्या तुझ्या आईने तुझं तोंड असं करून ठेवलं तरी तुझी भक्ती सुटत नाही. आणि आता दुसऱ्याचं पोर घेतलंस." तिने देवापुढे दिवा लावला, रोज लावायची तसाच, आणि मला जेवायला वाढलं. मी जेवलो. ती जेवली नाही.

मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कागदावर लिहायचं, ‘गाव लस घेण्यास तयार नाही’, आणि पुढच्या गावाला लागायचं. असं लिहायला कुणाची हरकत नसे; आमच्यातले बरेच जण लिहीत. सकाळी मी तसं बोललो तेव्हा ती दारात बसून तांदूळ निवडत होती.

"आनि ती बठ्ठी पोरं?"

"मी काय करू? पाय मोडून घेऊ?"

"धुयेल दंड शेतस त्यास्ना. त्यास्ले वाटस, टोचेल शे. ती भरोसावर बसेल शेतस." तांदळाचं सूप तिने बाजूला ठेवलं. "मनी चूक शे. माले जानं पडी."

"तुझ्या देवीला सांग ना. ती घेईल काळजी."

मी हे टोचण्यासाठीच म्हणालो होतो. तिने मात्र ते सरळ घेतलं. म्हणाली, "सांगं ना. रातभर मी तेच सांगं. ती लेईच काळजी. पन मी घर बसनू, तर ती कोनाकडथून लेई?"

मी तिला एकटीला जाऊ देऊ शकत नव्हतो, एवढ्यासाठीच गेलो. हे खरं कारण आहे. शौर्य वगैरे काही नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही पारावर दिवसभर बसलो. कुणीच जवळ आलं नाही. विहिरीवर पाणी मागायला गेलो तर बायांनी पोहरे उचलून पाठ फिरवली. दुपारी एक जण आमच्या अगदी जवळून बैल हाकत गेला आणि बैलालाच म्हणाला, "चाल रे, नाही तर तुले बी टोचतीन." समोरच्या कट्ट्यावरची माणसं हसली. कुणी अंगावर हात टाकला नाही, कारण बाईमाणूस बरोबर होतं. एका म्हातारीने मात्र येऊन पत्नीच्या पायापाशी थुंकलं आणि गेली. पत्नीने पाय मागे घेतला नाही. घरी परतताना तिला चालवत नव्हतं. मी म्हणालो, "झालं ना समाधान? उद्या पुरे." तिने मान हलवली, ती होकाराची की नकाराची, ते मला समजलं नाही. पहाटे उठलो तर ती तयार होऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः आले. मोठा माणूस, पण आवाज चढवला नाही.

"बाई, तुमी कायले येता? एक पोर गेली. अजून दोन घरी आई आहे. आता तुमी गेल्या नही, त मी लोकांले आवरू शकनार नही."

पत्नी पदर सावरून उभी राहिली. मला वाटलं ती देवीचं काही बोलेल. ती म्हणाली, "आबा, माझं चुकलं. मी अर्धंच सांगितलं." अशा थोरांसमोर ती आपली बोली सोडून शाळेतल्यासारखं जपून बोले. "टोचल्यावर पाणी लावायचं नसतं. ते मी सांगितलं नाही. म्हणून लस लागली नाही. पोरांना टोचल्यासारखं झालं, पण टोचलेलं नाही. त्यांना पुन्हा टोचू द्या."

"अन् परत तसंच झालं तर?"

"मी दाखवते."

ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मला टोचा."

मी हलक्या आवाजात म्हणालो, "तुला देवी येऊन गेल्या आहेत. तुला काही उठायचं नाही. नळी फुकट जाईल."

कट्ट्यावरून कुणीतरी तेच म्हणालं, "हिले त आई आधीच येऊन गेली. हिले काय व्हईन?"

"मला काही होणार नाही," ती त्या बाजूला तोंड करून म्हणाली. "ते दाखवायला मी बसत नाही. वाळायला किती वेळ लागतो, तेवढं बघा."

आणि तिने चोळीची बाही खांद्यापर्यंत वर सारली.

तो काळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना हे कसं सांगू? पाटलासमोर, कट्ट्यावरच्या चाळीस-पन्नास पुरुषांसमोर, डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बाईने दंड उघडा केला होता. आणि तो दंड धरायचा होता मला. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण चारचौघांत मी तिच्या हाताला कधी स्पर्शही केला नव्हता. लोक कुजबुजले. एक जण मोठ्याने खाकरला. माझे कान तापले. मला तिचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी तिचा दंड किती बारीक झाला आहे हेही दिसलं. मी टोचलं.

ती पारावर बसली. दंड उन्हाकडे केलेला, डोळे खाली, डोक्यावर पदर. मी शेजारी बसायला हवं होतं. मी बसलो नाही. सुई तापवायचा दिवा विझवायच्या आणि सुई पुसायच्या निमित्ताने मी दहा पावलं लांब, पाठ करून उभा राहिलो. वाळायला किती वेळ लागतो? चैत्राच्या उन्हात फार नाही. पण तिने घाई केली नाही. दंड पूर्ण कोरडा झाला तरी ती तशीच बसून राहिली, जणू कुणालाच शंका राहू नये. ती काही पुटपुटत होती. नामस्मरण असावं, मी विचारलं नाही.

पाटलांच्या आईने, त्यांना सगळे अक्का म्हणत, काठी टेकत जवळ येऊन तिच्या दंडाला बोट लावून पाहिलं. "वाळलं गं," त्या म्हणाल्या. मग वळून त्यांनी घराकडे हाक दिली, "आणा रे त्या धाकट्याले."

त्या दिवशी अकरा पोरं आली. पत्नीने प्रत्येक आईला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि दंड वाळेपर्यंत उठू दिलं नाही. उरलेली पुढच्या दोन दिवसांत आली, सगळी नाही. ज्यांनी आणली नाहीत त्यांच्यातली दोन त्या साथीत गेली. टोचलेल्यांतलं एक गेलं. ते आम्ही उशिरा टोचलं होतं. हे मी लपवत नाही. तिनेही कधी लपवलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी परत निघालो तेव्हा ती तरुण बाई वाटेवर उभी होती. तिची मुलगी जाऊन आठवडा होत आला होता. ती पत्नीला म्हणाली, "हे वाळवणं माझ्या पोरीच्या वेळी कायले नही सांगितलं?"

पत्नी तिथेच रस्त्यात खाली बसली आणि तिने डोकं जमिनीला टेकवलं. बाईने पाय मागे घेतले. "उठा," ती म्हणाली, "मले नको ते," आणि निघून गेली.

त्यानंतर दरवर्षी त्या गावी गेलो की पत्नी माझ्याबरोबर येई आणि मी काम करत असताना त्या घरासमोर जाऊन उभी राही. दार बंद असे. ती काही हाक मारत नसे. थोडा वेळ उभी राहून परत येई. मी एकदा चिडून विचारलं, हे काय साधतं? ती म्हणाली, "काही साधत नही. पन मी नही गऊ, तर तिले वाटी, मी इसरी गऊ."

तिच्या त्या विश्वासाविषयी मी नंतर पुष्कळ वाचलं, पुष्कळ विचार केला. देव सांभाळेल, असं म्हणणारी बरीच माणसं मी पाहिली; बहुतेकांच्या बोलण्यात आपलं काही वाईट होणार नाही असा अर्थ असतो. तिच्या म्हणण्यात तो अर्थ नव्हता. वाईट झालेलं तिला माहीत होतं, आणि ते स्वतःच्या हातून झालेलंही. तरी ती रोज दिवा लावत राहिली. तिला त्या दिव्यापुढे काय उत्तर मिळत होतं, ते मला विचारायला हवं होतं. आता विचारायला कुणी नाही.

चौथ्या वर्षी, आमची धुळ्याला बदली होण्याच्या आधी, आम्ही शेवटचे त्या गावात गेलो. ती त्या दारासमोर उभी होती. मी पारावर होतो, पण तिथून घर दिसत होतं. दार उघडलं. बाई बाहेर आली, कडेवर काही महिन्यांचा मुलगा. पत्नीशी ती एक अक्षर बोलली नाही. तिच्यासमोरून सरळ पारावर आली, पोराची बाही वर केली आणि मान दुसरीकडे वळवून माझ्यापुढे उभी राहिली. मी टोचलं. पत्नी मागून आली आणि तिने नेहमीसारखी बसायला जागा दाखवली. बाई बसली नाही. पोराचा दंड उन्हाकडे धरून ती उभीच राहिली आणि वाळेपर्यंत तिने नजर त्या दंडावरून हलवली नाही. मग बाही खाली केली आणि घरात गेली. दार पुन्हा लागलं.

आठव्या दिवशी मी एकटाच तपासायला गेलो. फोड उठला होता, चांगला टपोरा. घरी येऊन मी पत्नीला ते सांगितलं. मला वाटलं, ती आता तरी सुटल्यासारखी होईल. तिने देवाकडे पाहून हात जोडले, आणि मग विचारलं, "ती काही बोलनी का?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि सामान बांधायला लागली.